आधी दुपार बघू

बाबांनी विचारलं, "वरच्यांनी सांगितलं होतं ते हेच का?" आणि मी "हो" म्हणालो.

माझी चूक एवढीच, एका अक्षराची. बाबा तेव्हा गुडघे सांभाळत जमिनीवर बसले होते आणि त्यांच्या पुढ्यात बुटांच्या खोक्यात मुठीएवढं कासव होतं. ज्यांच्या नावावर मी ते खपवलं, ते वरचे त्या वेळी कोल्हापूरला बहिणीकडे गेले होते. त्यांनी ते कासव पाहिलंही नव्हतं. उलट, बाकी काहीही आणा, हे तेवढं आणू नका, असं त्यांनी मला बजावलं होतं.

वरचे म्हणजे आमचे भाडेकरू. इंदूरला राजेंद्र नगरच्या आमच्या घराच्या गच्चीवर एक खोली आहे, तिथे ते एकटे राहायचे. एका कॉलेजच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होते, तिथूनच निवृत्त झाले. बाबा त्यांना मास्तर म्हणत आणि ते प्रत्येक वेळी दुरुस्ती करत, "मास्तर नाही, डेमॉन्स्ट्रेटर. शिकवणारे वेगळे, मी दाखवणारा." बाबा मान डोलवत आणि पुढच्या वाक्यात पुन्हा मास्तर म्हणत. आम्ही बाकीचे त्यांच्या मागे 'वरचे' म्हणायचो, आणि त्यांना ते माहीत होतं. खालून हाक मारली की "वरचे आले," असं म्हणतच जिना उतरायचे.

ते लहानथोर सगळ्यांना 'अहो' म्हणत, आणि त्या सगळ्यांत जनावरंही आली. खोलीतल्या पालीला, "अहो, जरा सरकता का, खिडकी लावायचीय." शेजारच्या घरी एक मोठा कुत्रा आहे. त्याच्याशी ते सगळं कुटुंब इंग्रजीत बोलतं, सिट, कम, नो. वरचे कठड्यावरून म्हणायचे, "बसा हो, दमला असाल," आणि तो बसायचाही. "जनावराशी इंग्रजी का बोलतात माहितीय?" त्यांनी मला एकदा विचारलं. "त्याला नोकरीवर ठेवल्यासारखं वाटतं म्हणून."

इतकी वर्षं इंदूरला काढून पोहे मात्र ते शेव न घालता खात. कोपऱ्यावरचा पोहेवाला प्लेट पुढे करताना दर वेळी दुखावल्या आवाजात विचारायचा, "आज भी सूखा, बाबूजी?" हे म्हणायचे, "आज भी."

पण त्यांची खरी ओळख म्हणजे एक वाक्य होतं. कुणी काहीही ठरवायला निघालं की ते म्हणत, "आधी दुपार बघू." खोली बघायला आले तेही मे महिन्यातल्या एका दुपारी. बाबांनी दार उघडून दिलं आणि हे तापलेल्या गच्चीवर डोक्याला पंचा गुंडाळून बसले ते ऊन उतरेपर्यंत. आई घाबरली होती. "अहो, तो माणूस वरून खालीच येईना," असं तिने बाबांना उठवून सांगितलं. समोरच्या घरातल्या मुलीसाठी स्थळ आलं तेव्हा त्यांनी तिच्या वडिलांना सांगितलं, न कळवता दुपारी जा. गेले. मुलाची आई झोपली होती आणि मुलगा बनियनवर भांडी घासत होता. लग्न ठरलं. "सकाळी सगळेच चांगले असतात," वरचे म्हणायचे. "आणि संध्याकाळी सगळेच थकलेले. माणूस दुपारी कळतो."

पुण्याचा संसार मोडून मी इंदूरला परत आलो तेव्हा पंचेचाळिशी ओलांडली होती. नोकरी इथे मिळाली, पण घर आई-बाबांचं. कपाट त्यांचं, जेवायच्या वेळा त्यांच्या, टीव्हीचा आवाजही त्यांचा. मला काहीतरी माझं असं हवं होतं. कुत्र्याला आई नाही म्हणाली, केस होतात. मांजराला नाही म्हणाली, दूध ठेवायची सोय राहत नाही. मग मी कासव म्हटलं, आणि तिची अडचण झाली. देवळात कासवाला हात लावून मगच आत जाणारी बाई घरात कासव नको असं कुठल्या तोंडाने म्हणणार? थोडा वेळ विचार करून म्हणाली, "ते बिचारं काय, एका कोन्यात बसेल. पण कुठलं आणायचं ते वरच्यांना पूछ."

वरच्यांना विचारलं. वरचे म्हणाले, "आधी दुपार बघू."

रविवारी जेवणं आटोपल्यावर ते खाली आले आणि आमच्या हॉलमध्ये खुर्ची भिंतीला लावून बसले. बाबा दिवाणावर आडवे झाले होते. आईने चहा विचारला, तर म्हणाले, "नको, तुमची दुपार बदलेल." जमिनीवरचं ऊन सरकत दिवाणाखाली गेलं तेव्हा त्यांनी वाकून तिथे तळहात ठेवला.

"वहिनी, खाली पडलेला चमचा तुमच्याकडे कोण उचलतं?"

"पडूच नाही देत मी," आई म्हणाली.

"पडला तर?"

"तर हे म्हणतात, पडला. मग मी उचलते."

"मला वाकता येत नाही," बाबा डोळे न उघडता म्हणाले.

"येत नाही की बरेच दिवस वाकला नाहीत?"

बाबांनी डोळे उघडले. "मास्तर, कासव ह्याला पाळायचंय. माझी परीक्षा कशाला?"

"डेमॉन्स्ट्रेटर," वरचे म्हणाले. "हे ऑफिसला जाणार. कासव दिवसभर तुमच्याकडे असणार. ते कासव तुमचं. यांची फक्त हौस."

आई हसली, बाबाही हसले. मला ते लागलं, पण मीही हसलो.

निकाल त्यांनी दुसऱ्या दिवशी गच्चीवर मला एकट्याला सांगितला. काचेच्या टाकीत विकतात ते लाल पट्टीचं पाण्यातलं कासव नको. पाणी बदलायला आईची कंबर चालणार नाही, आणि ते ताटाएवढं झालं की लोक कंटाळून तलावात सोडून येतात. आफ्रिकेतलं मोठं नको, ते आधी तुळस खाईल आणि मग तुळशीखालची फरशी उकरेल. आणि पाठीवर चांदण्यांची नक्षी असते ते आपल्याकडचं तारा कासव अजिबात नको. "फार देखणे असतात. म्हणूनच जंगलातून चोरून आणतात. घरात ठेवणं गुन्हा आहे. कुणी कितीही म्हणालं तरी ते तेवढं नको." तुमच्या घराला रशियन नावाची एक लहान जात शोभेल, ते म्हणाले. कोरड्यात राहणारी, पालापाचोळा खाणारी. पण रीतसर कागद असलेलं मिळेपर्यंत थांबावं लागेल.

"किती?"

"मिळेपर्यंत." मग त्यांनी आणखी एक विचारलं, अगदी सहज. "हे पुष्कळ जगतात. तुमच्या वडिलांच्या मागे राहतील, कदाचित तुमच्याही. तेव्हा कुणाकडे जातील?"

माझ्यामागे कुणी नाही हे मला ठाऊक होतं, पण ते कासवाच्या निमित्ताने कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. मी रागावून खाली आलो. पुढे जे केलं त्यात हा राग होता. दुसरं कारण मला आजही सापडत नाही.

ते कोल्हापूरला गेले आणि मी ओळखीतून कासवं विकणाऱ्या एकाचा नंबर मिळवला, त्याला माझे दोन्ही नंबर दिले. त्याने मोबाइलऐवजी घरच्या फोनवर फोन केला. संध्याकाळी मी आलो तर आई दारातच उभी, चेहरा पडलेला.

"कुणाचा तरी फोन होता. पाळणा आजच न्या म्हणत होता."

"पाळणा?"

"हो. पालना है तो आज ही ले जाओ, आंटीजी, म्हणे. तू काय करून बसलायस? सांग तरी."

मी हसत सुटलो. आई हसली नाही. ती थोडी घाबरली होती आणि थोडी, मला वाटतं, हिरमुसली. त्याच संध्याकाळी बडा गणपतीच्या मागच्या गल्लीत स्कूटरवरून आलेल्या त्या माणसाकडून मी बुटांचं खोकं घेतलं. आत काय आहे हे मला माहीत होतं. पाठीवर चांदण्या होत्या.

आणि मग बाबांनी विचारलं, आणि मी हो म्हणालो.

आता आमच्या घराची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. इंदुरात आम्ही मराठी माणसं दिवसभर हिंदीच बोलतो. भाजी हिंदीत, गॅसवाला हिंदीत, ऑफिस हिंदीत. मराठी बोलतो ती चप्पल काढून आत आलेल्या माणसाशी. तिच्यात निम्मे शब्द हिंदी असले तरी ती मराठीच. आणि बाबा संतापले की ओरडत नाहीत, हिंदीत शिरतात. दहावीला मी गणितात नापास झालो तेव्हा निकाल बघून ते मला म्हणाले होते, "आप अब बड़े हो गए हैं." मार परवडला असता.

दोन-तीन आठवडे फार छान गेले. बाबा रोज दुपारी खाली बसायला लागले, मग वाकायला लागले, मग हातात जास्वंदीचं फूल धरून कासवासमोर पालथे पडायला लागले. आईने मला फोटो पाठवला, खाली लिहिलं, "देख, तुझे बाबा." मी ऑफिसात तो दोनदा उघडून पाहिला आणि वाटलं, झालं ते बरंच झालं.

मग एका सकाळी पेपरात बातमी आली. तारा कासवं बाळगणाऱ्या कुणाला तरी पकडलं होतं, सोबत फोटो होता. बाबांनी रेल्वेच्या हिशेब खात्यात जन्म घालवला, आणि पास घरी विसरला म्हणून ते एकदा अर्ध्या वाटेवर गाडीतून उतरले होते. त्यांनी पेपर जेवणाच्या टेबलावर उघडून ठेवला आणि फोटोवर बोट ठेवलं.

"हे आपलंच ना?"

आई म्हणाली, "मेली नक्षी तर तीच आहे."

"चोरीचा माल," बाबा म्हणाले. "आपल्या घरात. मास्तरांना हे माहीत नसेल असं होणार नाही. त्यांनी आपल्याला असं करावं?"

"शिकलेला माणूस," आई म्हणाली.

दोघं माझ्याकडे बघत होते. तेव्हा बोलता आलं असतं. मी आईकडे वाटी पुढे केली आणि आणखी वरण मागितलं.

त्या आठवड्यात वरचे परत आले. सामान जिन्यातच ठेवून, दर वर्षीप्रमाणे काकवीची बाटली घेऊन ते आमच्या दारात उभे राहिले. बाबांनी दार उघडलं. नेहमी ते "या, या मास्तर, बसा," म्हणतात. त्या दिवशी दारातच उभं राहून म्हणाले, "आइए. कैसे आना हुआ?"

वरच्यांचा हात बाटलीसकट तसाच राहिला.

"अगले महीने से ऊपर का कमरा हमको लगेगा," बाबा म्हणाले. त्यांच्या हिंदीत आतली मराठी तशीच होती, पण दार हिंदीनेच बंद केलं होतं.

वरच्यांनी बाबांच्या खांद्यावरून आत पाहिलं. जमिनीवर ऊन होतं, त्यात कासव होतं, आणि पलीकडे मी होतो. तेवढ्यावरून त्यांना सगळं कळलं असणार, ते दाखवणारे होते, बघायची सवय होती. "जी," ते म्हणाले. काकवीची बाटली चपलांच्या स्टँडवर ठेवून ते वर गेले. इतकी वर्षं त्या घरात मराठी बोललेला माणूस. त्या वयात त्यांना दुसरी खोली कुठे मिळणार होती, आणि मिळाली असती तरी ती खालच्या चहाशिवायच.

मी दोन दिवस जिन्याने जाताना पाय न वाजवता गेलो. तिसऱ्या दिवशी तेच खाली पायरीवर बसलेले दिसले. मला वाटलं, आता विचारतील. त्यांनी विचारलं, "त्यांचं नाक बघितलंत?"

"कुणाचं?"

"घरातल्यांचं. मी खिडकीतून पाहिलं. नाकातून बुडबुडा येतोय, सर्दी आहे. त्यांना हे सोसत नाही. उद्या सुट्टी घ्या, वनखात्यात नेऊ. त्यांच्याकडे डॉक्टर असतात."

"मला पकडतील."

"विचारतील. मी येतो बरोबर."

दुसऱ्या दिवशी मी स्कूटर चालवत होतो आणि मागे ते खोकं मांडीवर घेऊन बसले होते. प्रत्येक वळणाला ते खाली वाकून म्हणत, "अहो, डावीकडे वळतोय." मला नव्हे, खोक्याला. ऑफिसात एक साहेब होते, त्यांनी झाकण उघडलं, आमच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "किसका है?"

वरच्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. ते समोरच्या भिंतीवरच्या वाघाच्या चित्राकडे बघत राहिले, जणू त्यांना तिथे दुसरं काही काम नव्हतं. त्यांनी माझ्यासाठी 'माझं' म्हटलं असतं तर मी गप्प बसलो असतो, हे मी स्वतःला ओळखून सांगतो. ते त्यांनी म्हटलं नाही.

"मेरा है, साब," मी म्हणालो.

साहेबांनी बरंच ऐकवलं. पढ़े-लिखे हो भिया, अखबार नहीं पढ़ते? कुणाकडून घेतलं ते विचारलं, मी नंबर दिला. सही घेतली, खोकं आत गेलं. शेवटी म्हणाले, "खुद ले आए, इसलिए समझा के छोड़ रहा हूँ." बाहेर रस्त्यावर आलो तेव्हा मला वेड्यासारखी भूक लागली होती. आम्ही पोहे खाल्ले. मी डबल शेव घेतली. त्यांनी कोरडे घेतले. पुढे ते कासव वाचल्याचं कळलं, नंतर त्याला त्याच्यासारख्यांत पाठवलं असंही.

घरी येऊन मी बाबांना सगळं सांगितलं. फोन, गल्ली, खोकं, 'हो', वरणसुद्धा. आई मधेच "अरे देवा" म्हणून खाली बसली. बाबा शेवटपर्यंत ऐकून उठले आणि म्हणाले, "आपसे ये उम्मीद नहीं थी."

मग ते जिन्याकडे गेले. गुडघ्यांमुळे त्यांनी कित्येक वर्षांत गच्ची पाहिली नव्हती. आई म्हणाली, "अहो, मी बुलावते ना त्यांना." ते थांबले नाहीत. कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढले. मी खाली उभा होतो. वर दार वाजलं आणि बाबांचा आवाज आला, धापा टाकत.

"या हो मास्तर, खाली या. चहा टाकलाय."

मग, "डेमॉन्स्ट्रेटर."

आई डोळे पुसत स्वयंपाकघरात पळाली, कारण चहा कुणीच टाकला नव्हता.

त्यानंतर बरेच दिवस घरात वरच्यांशी मराठी चालायची आणि माझ्याशी हिंदी. "नमक लीजिए." "पंखा बंद कर दीजिए." वरचे समोर असले की ते खाली मान घालून हसू दाबत. मला वाईट वाटायचं, पण त्यात एक हलकेपणाही होता; निदान आता योग्य माणूस दाराबाहेर होता. एका रात्री जेवताना बाबा म्हणाले, "मीठ दे रे इकडे," आणि मी उठून मिठाची वाटी त्यांच्यापुढे नेऊन ठेवली.

रशियन कासव पुढच्या वर्षी आलं. परदेशी निघालेल्या एका कुटुंबाचं, सगळे कागद, सगळी नोंदणी असलेलं. ते वरच्यांनीच शोधलं होतं, मला न सांगता. दिवाणाखाली दुपारचं ऊन जातं तिथेच ते बसतं. बाबा त्याच्याशी बोलतात तेव्हा 'अहो' म्हणतात, हे त्यांच्या अजून लक्षात आलेलं नाही.

वरचे आता इंदूरजवळच सिमरोलला असतात. त्यांचा पुतण्या तिथल्या इंजिनिअरिंगच्या मोठ्या कॅम्पसमध्ये नोकरीला लागला आणि काकांना घेऊन गेला. ते गेल्यावर मला एक गोष्ट टोचायला लागली. मी साहेबांना खरं सांगितलं, बाबांना सांगितलं. ज्यांचं नाव वापरलं त्यांना मात्र एक शब्द बोललो नव्हतो. बाबांपाशी कबूल केलं, त्यात तेही आलं असं मी धरून चाललो होतो.

गेल्या महिन्यात एका रविवारी गेलो. मुद्दाम दुपारी गेलो. ते अंगणात खुर्ची भिंतीला लावून बसले होते. मला पाहून म्हणाले, "या. कसे आहेत आमचे?" कासव बरं आहे म्हणून सांगितलं, बाबा बरे आहेत म्हणून सांगितलं. पाणी प्यालो. मग रस्ताभर घोकलेलं वाक्य काढलं.

"सर, वो... उस टाइम जो हुआ, उसके लिए आप मुझे माफ़ कर दीजिए."

ते माझ्याकडे बघत राहिले. "हिंदीत का बोलताय? मी काय वनखात्याचा साहेब आहे?"

"हिंदीत सोपं जातं, काका."

"ते दिसतंय," ते म्हणाले. "माफ कर दीजिए म्हणजे काम माझ्यावर आलं. आता मी माफ करा, मी बरं म्हणा, आणि तुम्ही परत जा. आपल्यात कसं म्हणतात?"

समोरच्या शेतावर ऊन होतं. आतमध्ये कुणीतरी झोपलं होतं, पंख्याचा आवाज येत होता. त्यांना काही घाई नव्हती. मी चपला काढल्या, का ते मला सांगता येणार नाही, अंगणच होतं ते.

"काका," मी म्हणालो, "माझं चुकलं."